१९८३चं ऑस्कर: 'गांधी'ला नक्की काय काय मिळालं आणि समोर कोण होतं?

अर्धवटराव

मंडळी, एक वाद मिटवून द्या. आमच्या ग्रुपवर दर वर्षी ऑस्करच्या सुमारास तोच एक फॉरवर्ड फिरतो, की 'गांधी' सिनेमाने १९८३ साली भारताला आठ ऑस्कर मिळवून दिले, त्यात भानू अथैया, पंडित रविशंकर आणि रोहिणी हट्टंगडी अशी तीन नावं, खाली तिरंगा, आणि मग सगळ्यांचे हात जोडलेले इमोजी. भानू अथैयांचं (वेशभूषेचं) पक्कं माहितीये. पण रविशंकरांना खरंच मिळालं होतं का? आणि रोहिणीताईंना (सिनेमातल्या कस्तुरबा) ऑस्कर मिळालं असतं तर आपल्याला शाळेत जनरल नॉलेजमध्ये पाठ करायला लावलं नसतं का?

दुसरं म्हणजे त्या वर्षी नॉमिनेशनमध्ये कोण कोण होतं ते कुणीतरी नीट सांगा. जिंकलेल्यांची नावं कुठेही सापडतात, पण कुणाला मागे टाकून जिंकले हे कळल्याशिवाय मजा नाही. 'ई.टी.' त्याच वर्षीचा ना?

आणि तिसरं, आमच्या एका चुलतभावाचं म्हणणं आहे की अथैयांचं ऑस्कर 'अर्धं' आहे कारण ते एका इंग्रज माणसाबरोबर वाटून मिळालं. हे ऐकून माझं डोकं फिरलं, पण उलट बोलायला माझ्याकडे मुद्दा नव्हता. तर मुद्दे पुरवा.

जुना प्रोजेक्टर

फॉरवर्डवाल्याला म्हणावं आठ हा आकडा बरोबर, बाकी सगळी भेळ.

५५वा सोहळा, ११ एप्रिल १९८३, लॉस एंजेलिस, डोरोथी चँडलर पॅव्हिलियन. सूत्रसंचालनाला चौघं होते, लायझा मिनेली, डडली मूर, रिचर्ड प्रायर आणि वॉल्टर मॅथाऊ. 'गांधी'ची नॉमिनेशनं अकरा. त्यातली मिळाली ती सर्वोत्कृष्ट सिनेमा, दिग्दर्शन (रिचर्ड ॲटनबरो), अभिनेता (बेन किंग्जली), मूळ पटकथा (जॉन ब्राईली), छायाचित्रण (बिली विल्यम्स आणि रॉनी टेलर), कलादिग्दर्शन (स्टुअर्ट क्रेग आणि त्यांचे सहकारी), संकलन (जॉन ब्लूम) आणि वेशभूषा (जॉन मोलो आणि भानू अथैया). नावं वाचलीत ना? सिनेमाचं बक्षीस निर्माता म्हणून परत ॲटनबरोलाच. म्हणजे आठ बक्षिसं 'गांधी'ची, भारताच्या नावाचं त्यातलं एक. सिनेमा ब्रिटन आणि भारत दोघांचा मिळून, एनएफडीसीने (सरकारी चित्रपट विकास महामंडळाने) त्यात पैसे घातले होते आणि त्यावरून तेव्हा आपल्याकडे भरपूर आरडाओरडा झाला होता की आपल्या दिग्दर्शकांना चार लाख द्यायला सरकारकडे नसतात आणि साहेबाला कोट्यवधी देतायत. पण बक्षिसं माणसांना मिळतात, देशाला नाही.

हुकली ती तीन. संगीत, साउंड आणि मेकअप. रविशंकर त्या हुकलेल्या तीनात आहेत. संगीताचं नॉमिनेशन रविशंकर आणि जॉर्ज फेंटन असं जोडीने होतं, बक्षीस गेलं जॉन विल्यम्सला, 'ई.टी.'साठी. बाकीचे तिघे म्हणजे 'ॲन ऑफिसर अँड अ जंटलमन'चा जॅक निट्शे, 'पोल्टरगाइस्ट'चा जेरी गोल्डस्मिथ आणि 'सोफीज चॉइस'चा मार्विन हॅम्लिश. सायकल उडते तेव्हाचं ते संगीत एकदा आठवा आणि सांगा दुसऱ्या कुणाला देणार होता तुम्ही. साउंडही 'ई.टी.'लाच. मेकअपला तर एकूण दोनच नॉमिनेशनं होती, 'गांधी' आणि 'क्वेस्ट फॉर फायर', आणि आदिमानवांचा सिनेमा समोर आल्यावर काय होणार ते सांगायला ज्योतिषी नको.

सिनेमाच्या मुख्य बक्षिसाला पाच जण. 'गांधी', 'ई.टी.', 'टूट्सी', 'मिसिंग' आणि 'द व्हर्डिक्ट'. 'टूट्सी'ला दहा नॉमिनेशनं होती आणि हाती लागलं एक, जेसिका लँगचं सहायक अभिनेत्रीचं. दिग्दर्शनात गंमत अशी की 'मिसिंग'चा कोस्टा गाव्रास नाही, त्याच्या जागी 'डास बूट'चा वोल्फगांग पीटरसन. जर्मन भाषेतला पाणबुडीवरचा सिनेमा आणि त्याला सहा नॉमिनेशनं. बाकी स्पिलबर्ग, सिडनी पोलॅक आणि सिडनी ल्युमेट. असला पाचांचा संच आजकाल बघायला मिळत नाही हो.

अभिनेत्याचं सांगतो कारण मला ते सगळ्यात भारी वाटतं. किंग्जली तेव्हा रंगभूमीवरचा माणूस, सिनेमात जवळजवळ अनोळखी. जन्माचं नाव कृष्णा भानजी, वडिलांचं मूळ गुजराती. त्याच्यासमोर कोण? 'द व्हर्डिक्ट'मधला पॉल न्यूमन, 'टूट्सी'त बाई झालेला डस्टिन हॉफमन, 'मिसिंग'मधला जॅक लेमन आणि 'माय फेव्हरिट इयर'चा पीटर ओ'टूल. लेमन आणि हॉफमनकडे आधीची ऑस्कर होती. न्यूमनकडे तोवर एकही नव्हतं, त्याला अभिनयाचं मिळालं १९८७ साली, 'द कलर ऑफ मनी'साठी. आणि ओ'टूलचं ते सातवं नॉमिनेशन होतं, सातव्यांदा हात हलवत परत. पुढे आठवंही झालं आणि तेही हुकलं, मधे २००३ साली मानाचं ऑस्कर देऊन बोळवण केली तेवढंच. न्यूमन आणि ओ'टूलचे चाहते आजही नवख्या माणसावर डूख धरून आहेत, पण किंग्जलीचं काम बघा, पंचविशीतला चिडका बॅरिस्टर ते काठी टेकत चालणारा म्हातारा, कुठे सांधा दिसत नाही.

अभिनेत्री मेरील स्ट्रीप, 'सोफीज चॉइस'. समोर ज्युली अँड्र्यूज, जेसिका लँग ('फ्रान्सेस'साठी, म्हणजे एकाच वर्षी दोन्ही गटांत), सिसी स्पेसेक, डेब्रा विंगर. सहायक अभिनेता लुई गॉसेट ज्युनियर, त्या गटात जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय नट. बाकीचं तिसऱ्या मुद्द्यावर कुणीतरी अथैयांचा जाणकार येईलच, मी थांबतो.

खडूस काका

प्रोजेक्टरशेठ, यादी झकास. आता मी दगड मारतो.

'गांधी' त्या वर्षीचा सर्वोत्तम सिनेमा नव्हता. बस. तीन तास अकरा मिनिटं आदराने भरलेला पुतळा आहे तो. 'ई.टी.' आजही मुलांना लावून दिला तर मुलं हलत नाहीत, 'टूट्सी' आजही तेवढाच हसवतो. 'गांधी' आपण कधी बघतो, तर २ ऑक्टोबरला टीव्हीवर लागला तर, आणि तोही भाजी निवडता निवडता. अकादमीला मोठ्या माणसावरचा मोठा सिनेमा दिसला की हात आपोआप वर जातो. आणि हे मी एकटा म्हणत नाही, खुद्द ॲटनबरो पुढे मुलाखतीत म्हणाला होता की 'ई.टी.'च जिंकेल अशी त्याची खात्री होती आणि जिंकायला हवा होता तोही 'ई.टी.'च.

आणि वेशभूषा? माफ करा पण त्या सिनेमात अर्ध्या वेळ नायक पंचा नेसून आहे आणि उरलेल्या वेळात सगळे खादीत आहेत. त्यात डिझाइन ते काय करायचं? एक कापड आणायचं आणि गुंडाळायचं. अथैयाबाईंबद्दल आदर आहेच, 'ब्रह्मचारी'तली मुमताजची ती केशरी साडी त्यांचीच ना, तिला द्या की ऑस्कर. पण 'गांधी'ला मिळालं ते सिनेमाच्या लाटेत मिळालं.

रंकाळा

खडूस काका, आता बसा जरा, कारण हे मी सोडणार नाहीये.

आधी समोर कोण होतं ते बघा. वेशभूषेच्या पाचात 'गांधी' सोडून 'ला त्राव्हियाता'साठी पिएरो तोसी, 'सोफीज चॉइस'साठी अल्बर्ट वॉल्स्की, 'व्हिक्टर/व्हिक्टोरिया'साठी पॅट्रिशिया नॉरिस आणि 'ट्रॉन'साठी एलॉइस जेन्सन आणि रोझाना नॉर्टन. तोसी म्हणजे विस्कोंती या नावाजलेल्या इटालियन दिग्दर्शकाच्या सिनेमांना कपडे करणारा उस्ताद. 'ला त्राव्हियाता' हा दिग्दर्शक झेफिरेलीने पडद्यावर आणलेला ऑपेरा, म्हणजे झुंबरं, घेरदार गाऊन, मेजवान्या. वॉल्स्कीकडे आधीचं ऑस्कर होतं. 'ट्रॉन'मध्ये कपड्यांवर दिवे पेटल्यासारखे पट्टे. (याच 'ट्रॉन'ला व्हिज्युअल इफेक्ट्सचं साधं नॉमिनेशनही मिळालं नाही, दिग्दर्शक म्हणायचा की कॉम्प्युटर वापरणं म्हणजे चीटिंग असं तेव्हा अकादमीला वाटलं. आज ऐकून हसू येतं.) म्हणजे भपका हवा असता तर भपक्याची दुकानं शेजारीच मांडलेली होती. तरी बक्षीस सुती कापडाला गेलं, आणि तुम्ही म्हणताय त्यात काही केलंच नाही.

आता कापड गुंडाळण्याबद्दल. सिनेमा सुरू होतो गांधींच्या हत्येने आणि मग मागे जातो ते थेट १८९३च्या दक्षिण आफ्रिकेतल्या आगगाडीत. तिथे कडक कॉलर, टाय, सूट, फर्स्ट क्लासचा डबा. १९१५ साली मुंबईच्या धक्क्यावर उतरतो तेव्हा अंगात काठियावाडी वेष आणि डोक्याला फेटा, आणि आजूबाजूला पुढारी मंडळी साहेबी कपड्यात, तो त्यांच्यात गावाकडचा पाहुणा वाटतो. मग प्रवास सुरू होतो तसा एकेक कपडा गळत जातो. नदीकाठचा तो प्रसंग आठवतोय का, पलीकडे एक बाई फाटक्या लुगड्यात, अंग झाकायला पुरेसं कापड नाही, आणि हा आपल्या अंगावरचं कापड पाण्यावर सोडून देतो, ते तरंगत तिच्याकडे जातं? एक शब्द नाही त्यात. संपूर्ण प्रसंग एका कापडाच्या तुकड्यावर उभा आहे. ते कापड किती जाड, किती मळलेलं, पाण्यावर कसं पसरेल, हे कुणीतरी ठरवलं असेल ना? मग १९३१ला लंडनमध्ये गोलमेज परिषदेला सगळे सूटात आणि हा पंचा आणि चादरीत. या सिनेमातला बदल तुम्ही संवाद बंद करून नुसत्या कपड्यांवरून वाचू शकता. आणि हे एकट्या नायकाचं झालं. भोवती वकील, शेतकरी, राजेमंडळी, शिपाई, पठाण, मिलकामगार, नौखालीतले बंगाली, आश्रमातल्या बायका, आणि काळ १८९३ ते १९४८, म्हणजे पंचावन्न वर्षं. पगडी कुणाची कशी, लुगडं कुठलं कसं नेसतात, हे चुकलं असतं तर आपणच पहिले ओरडलो असतो.

आता अर्धवटरावांच्या चुलतभावाचं 'अर्धं ऑस्कर'. जॉन मोलो हा काही उपरा नव्हता, 'स्टार वॉर्स'च्या कपड्यांचं ऑस्कर घेतलेला माणूस, आणि लष्करी गणवेशांचा अभ्यासक, त्यावर पुस्तकं लिहिलेला. त्याच्याकडे ब्रिटिश बाजू, अथैयांकडे भारतीय. आता तुम्हीच सांगा त्या सिनेमात भारतीय माणसं किती आणि गोरे किती. ऑस्करमध्ये दोन नावं असली तर दोघांना स्वतंत्र बाहुली (ऑस्करची मूर्ती) मिळते, कापून देत नाहीत. प्रोजेक्टरनी लिहिलंय बघा, छायाचित्रणही दोघांत होतं, मग बिली विल्यम्सला कुणी अर्धा म्हणतं का?

निवड कशी झाली तेही ऐका. ॲटनबरो हा सिनेमा डोक्यात घेऊन जवळजवळ वीस वर्षं फिरत होता, आणि अथैयांना भेटल्यावर त्याने पाऊण-एक तासही लावला नाही, पंधरा मिनिटांत ठरवून टाकलं, असं तो स्वतः कौतुकाने सांगायचा. आणि का नाही ठरवणार, बाई होत्या कोण? कोल्हापूरच्या राजोपाध्ये, वडील अण्णासाहेब चित्रकार, स्वतः मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयाच्या सुवर्णपदक विजेत्या, प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट ग्रुप या चित्रकारांच्या गटाबरोबर चित्रं लावलेली. त्या पेंटर होत्या हो आधी. 'ईव्ह्ज वीकली'साठी फॅशनची चित्रं काढता काढता कपड्यांकडे वळल्या, १९५६ला 'सीआयडी', मग गुरुदत्तचे सिनेमे, मग 'आम्रपाली'साठी अजिंठ्याच्या लेण्यांत जाऊन बघून आल्या. पंचवीस वर्षांची तयारी घेऊन त्या 'गांधी'वर आल्या होत्या.

त्या रात्रीबद्दल त्यांनी सांगितलेलं एक मला फार आवडतं. बाकीचे नॉमिनेशनवाले डिझायनर हॉलमध्ये जवळपासच बसले होते आणि तेच त्यांना म्हणत होते की बाई तुम्हीच जिंकणार. त्यांनी विचारलं कशावरून, तर उत्तर आलं की तुमच्या सिनेमाचा पट एवढा मोठा आहे, आम्ही त्याच्यापुढे कुठे पुरे पडणार. स्टेजवर त्या दोन वाक्यांत आटोपल्या, अकादमीचे आभार, आणि जगाचं लक्ष भारताकडे वळवल्याबद्दल ॲटनबरोचे आभार. संपलं. आजचे लोक एजंटपासून कुत्र्यापर्यंत सगळ्यांची नावं घेतात.

तिसरी घंटा

रोहिणी हट्टंगडींचं कुणीच सांगितलं नाही अजून म्हणून लिहितेय.

त्यांना ऑस्करचं नॉमिनेशन नव्हतं. सहायक अभिनेत्रीच्या पाचात जेसिका लँग (जिंकली), टेरी गार, ग्लेन क्लोज, किम स्टॅन्ली, लेस्ली ॲन वॉरेन. कस्तुरबा नाही. पण फॉरवर्डमधलं नाव आलं कुठून तर बाफ्टामधून, म्हणजे ब्रिटनच्या सिनेमा पुरस्कारांमधून. त्याच वर्षी ब्रिटनच्या बाफ्टामध्ये त्यांना सहायक अभिनेत्रीचं बक्षीस मिळालं, 'रेड्स'च्या मॉरीन स्टेपलटनबरोबर बरोबरीत. तिथे चारच नॉमिनेशनं होती, या दोघी, 'ऑन गोल्डन पॉंड'ची जेन फोंडा आणि 'गांधी'चीच कँडिस बर्गन. म्हणजे जेन फोंडाला मागे टाकलं आपल्या पुण्यात जन्मलेल्या बाईने, हे काय कमी आहे का म्हणून त्यात ऑस्करचा खोटा तुरा खोचायचा? बाफ्टाला किंग्जलीलाही दोन मिळाली, अभिनेता आणि पदार्पण. जवाहरलाल झालेले रोशन सेठ सहायक अभिनेत्यात नॉमिनेटेड होते, तिथे जॅक निकल्सन आडवा आला.

आणि रंकाळा, तुम्हाला चिमटा म्हणून नाही पण बाफ्टामध्ये वेशभूषेचं बक्षीस 'ब्लेड रनर'ला गेलं. त्या 'ब्लेड रनर'ला ऑस्करने वेशभूषेत साधं नॉमिनेशन दिलं नव्हतं. समुद्र ओलांडला की आवडनिवड बदलते.

रोहिणीताईंना कस्तुरबा मिळाली तेव्हा त्या तरुण होत्या आणि त्यांना म्हातारपणापर्यंत जायचं होतं. संडास साफ करण्यावरून नवराबायकोचं भांडण होतं तो सीन काढून बघा. तो हात धरून तिला दाराबाहेर काढायला निघतो, ती म्हणते लाज नाही वाटत का, आणि पुढच्या मिनिटाला दोघंही ओशाळलेली. त्या एका सीनमध्ये गांधींचा पुतळा होत नाही, खडूस काकांनी तो परत बघावा. शिवाय आपली बरीच माणसं आहेत त्यात, डॉ. लागू गोपाळ कृष्ण गोखले झालेत, थोडाच वेळ आहेत पण काय बसलेत त्या भूमिकेत. मोहन आगाशे आहेत, नाना पळशीकर आहेत. मराठी नाटकवाल्यांनी तो सिनेमा नुसतं क्रेडिट्समधली नावं शोधायला बघितला असेल.

जाता जाता, ११ एप्रिल हा कस्तुरबांचा जन्मदिवस. फुले जयंतीसुद्धा. अर्थात तिकडे बक्षिसं वाटत होते तेव्हा इकडे १२ तारखेची सकाळ उजाडली होती, त्यामुळे फॉरवर्डवाल्यांनी यावर नवीन फॉरवर्ड करू नये.

अर्धवटराव

बाप रे, धन्यवाद सगळ्यांना. ग्रुपवर रोहिणीताईंचं टाकलं तर लगेच एकाने विचारलं की पुरावा काय, आणि फॉरवर्डला मात्र कधी कुणी पुरावा मागितला नव्हता.

अजून एक शंका. आपला सिनेमा म्हणजे तो 'परदेशी भाषा' गटात (आता त्याला 'आंतरराष्ट्रीय' म्हणतात) जातो ना, 'मदर इंडिया' किंवा 'लगान'सारखा? मग 'गांधी' थेट मुख्य गटात कसा? आणि खडूस काका म्हणतात ते लाटेचं खरं असतं का, की एका सिनेमाची हवा असली की त्याला सगळीच मिळत जातात?

जुना प्रोजेक्टर

सोपं आहे. तो गट इंग्रजी सोडून इतर भाषांच्या सिनेमांसाठी, आणि तिथे देशाने अधिकृतपणे एक सिनेमा पाठवायचा असतो. 'गांधी' इंग्रजीत. मुख्य गटांसाठी तेव्हा देशबिश कुणी विचारत नव्हतं, त्या वर्षात लॉस एंजेलिसच्या थेटरात रीतसर लागलेला असला की झालं. 'डास बूट' जर्मन असून सहा नॉमिनेशनं घेऊन गेला तो याच दारातून. त्या वर्षी परदेशी भाषेचं बक्षीस स्पेनच्या सिनेमाला गेलं, स्पेनचं पहिलं.

लाटेचं म्हणाल तर त्यात तथ्य आहे, आणि ते नियमातच आहे. नॉमिनेशन ठरवतात त्या त्या धंद्यातली माणसं, म्हणजे संकलकांचं संकलक वगैरे. पण शेवटचं मत सगळ्या सभासदांचं. नट वेशभूषेला मत देतो, लेखक साउंडला. मग ज्या सिनेमाने मनात घर केलंय त्याच्यापुढे फुली मारत जाणारे असतातच. म्हणून रंकाळाने सांगितलेली गोष्ट मला महत्त्वाची वाटते, समोरचे डिझायनरच म्हणत होते की तुम्हीच. ती लाट नाही, ती कारागिरांची पावती.

पण काका, लाट एवढीच होती तर संगीत आणि साउंड का सुटलं? 'ई.टी.' त्या रात्री नऊपैकी चार घेऊन गेला, संगीत, साउंड, साउंड इफेक्ट्स एडिटिंग आणि व्हिज्युअल इफेक्ट्स. जिथे तो उघड सरस होता तिथे त्याला दिलंच की.

खडूस काका

म्हणजे 'ई.टी.' ऐकायला चांगला होता, बघायला चांगला होता, फक्त सिनेमा म्हणून कमी पडला. वा रे अकादमी.

असो, संडासाचा सीन परत बघितला. मान्य, तो पुतळा नाहीये. बाकीच्या तीन तासांबद्दल माझं मत तेच. आणि नदीवरच्या कापडाबद्दल रंकाळाशी भांडण नाही, ते दोन मिनिटं कपडेवाल्या बाईंचेच आहेत.

'ई.टी.'ची एक देशी भानगडही सांगून ठेवतो, नाहीतर पुढच्या वर्षी फॉरवर्ड येईल. सत्यजित रायनी साठच्या दशकात 'द एलियन' नावाची पटकथा लिहिली होती, तिच्या प्रती हॉलिवूडमध्ये फिरल्या होत्या, आणि 'ई.टी.' आल्यावर रायना वाटलं की हे आपल्या पटकथेशिवाय झालं नसतं. स्पिलबर्गने ते नाकारलं. म्हणजे १९८३च्या त्या पाच सिनेमांत भारत शोधायचाच असेल तर तो दोन ठिकाणी शोधा. आणि स्पिलबर्गने राग धरला नाही हं, दहा वर्षांनी ॲटनबरोला 'जुरासिक पार्क'मध्ये डायनोसॉरचा मालक केला आणि किंग्जलीला 'शिंडलर्स लिस्ट'मध्ये घेतलं. दिग्दर्शनाचं पहिलं ऑस्कर त्याला मिळालं तेही त्याच 'शिंडलर'साठी.

रंकाळा

भांडण नाही म्हणता म्हणता दोन मिनिटं दिलीत, चला तेही नसे थोडके.

अर्धवटराव, ग्रुपवर टाकणारच असाल तर पुढचंही टाका. १९८३ नंतर पुढचं भारतीय ऑस्कर म्हणजे १९९२ला सत्यजित राय, ते मानाचं. स्पर्धेतलं बक्षीस परत भारतीयांच्या हाती यायला २००९ उजाडलं, रेहमान, गुलजार, रसूल पुकुट्टी, तेही एका ब्रिटिश दिग्दर्शकाच्याच सिनेमासाठी. म्हणजे सव्वीस वर्षं स्पर्धेतल्या यादीत अथैया एकट्या होत्या आणि तरी निम्म्या लोकांना नाव धड माहीत नाही. मधल्या काळात त्या काम करतच होत्या, 'लेकिन'ला राष्ट्रीय पुरस्कार, 'लगान'ला राष्ट्रीय पुरस्कार, आणि मराठीत २०१५ला आलेल्या 'नागरिक'चे कपडे त्यांचे.

आणि ती बाहुली आता भारतात नाहीये. २०१२ला त्यांनी स्वतःहून अकादमीकडे परत दिली, सांभाळायला. त्यांचं म्हणणं होतं की आपल्याकडे ती नीट राहील याची खात्री वाटत नाही, शांतिनिकेतनातून टागोरांचं नोबेल चोरीला गेलं ते उदाहरण त्यांनीच दिलं होतं. तेव्हा काही जणांनी नाकं मुरडली होती. मला तरी वाटतं बरोबर केलं. ऑक्टोबर २०२०ला त्या गेल्या.

तिसरी घंटा

टागोरांचं नोबेल चोरीला गेलं २००४ला, आणि ते आजतागायत सापडलेलं नाही, त्यामुळे नाकं मुरडणाऱ्यांना बोलायला जागाच नाही.

अर्धवटराव, चुलतभाऊ काय म्हणाला?

अर्धवटराव

म्हणाला की 'गांधी' त्याने बघितलेलाच नाही. 'ई.टी.' पण नाही. रविवारी दोन्ही लावतोय, आधी 'टूट्सी'.